मी शोभेची वस्तू नव्हे

मित्रांनो, मी एक जुना ब्रेल टाइपरायटर आहे. जुना म्हणजे चाळिशी उलटलेला, पण मोडका नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा माझं नाव कागदावर भलतंच लिहिलं गेलं आणि त्यापायी मी एकोणीस दिवस एका खोक्यात उताणा पडून काढले. ते दिवस आठवले की अजून माझ्या कळा शिवशिवतात. मला मुळातच स्वस्थ बसवत नाही. कागद घातला, बोटं ठेवली, खटखट सुरू झाली की माझ्या जिवात जीव येतो. नुसतं ठेवून दिलंत तर मी आतल्या आत चडफडत राहतो.

मला पाहिलंत तर तुम्ही आधी हसाल. टाइपरायटर म्हणे, आणि कळा सहाच? हो, सहाच. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, आणि मध्ये एक लांब पट्टी, शब्दांमध्ये जागा सोडायला. एका कळेचा एक ठिपका. दोन-तीन कळा एकदम दाबल्या की जाड कागदावर ठिपके वर उठतात आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं ते बोटांनी वाचतात. ओळ संपत आली की माझी घंटी वाजते. एवढंच माझं भांडवल, पण तेवढ्यात जगातली कुठलीही भाषा बसते. शिव्यासुद्धा बसतात. मास्तरांच्या वर्गातल्या पोरांनी त्या बसवून पाहिल्या होत्या.

मास्तर म्हणजे माझे पहिले धनी. समुद्रापलीकडच्या एका देशात अंध मुलांच्या शाळेत शिकवायचे. कारखान्यातून निघालो तो थेट त्यांच्या टेबलावर. अठ्ठावीस वर्षं मुलं माझ्यासाठी भांडली. ज्याची पाळी असे तो मला कवेत धरून बसायचा, म्हणजे दुसऱ्याने ओढून नेऊ नये. मास्तर दर शनिवारी मला तेल द्यायचे आणि म्हणायचे, "याच्यासारखा विद्यार्थी नाही. सांगाल तेवढंच लिहितो, पदरचं काही घालत नाही." मला त्या शब्दांचा फार अभिमान होता, अजूनही आहे.

पुढे शाळेत बोलणारे संगणक आले. मास्तर निवृत्त झाले, मला घरी घेऊन गेले आणि काही वर्षांनी वारले. त्यांच्या मागे मास्तरीणबाईंनी मला खिडकीशी ठेवलं, अंगावर विणलेला रुमाल घातला आणि रुमालावर फुलांची कुंडी ठेवली. बाई प्रेमळ होत्या, माझ्यावर त्यांचा राग नव्हता. पण सहा वर्षं डोक्यावर कुंडी घेऊन उभं राहून बघा म्हणजे कळेल. कुंडीतलं पाणी झिरपायचं आणि मी मनात म्हणायचो, कोणीतरी या, काहीतरी लिहा, निदान किराणा सामानाची यादी तरी लिहा.

शेवटी बाईंना घर लहान करावं लागलं. जुन्या वस्तू विकायच्या एका वेबसाइटवर त्यांनी माझा फोटो टाकला. तो फोटो समुद्र ओलांडून एका तरुणाच्या मोबाइलवर जाऊन पोहोचला. इथून माझी खरी गोष्ट सुरू होते. यातलं जे मी पाहिलं नाही ते मला त्या तरुणाच्या आणि त्याच्या बहिणीच्या तोंडून कळलं आहे. ती दोघं माझ्यासमोरच भांडतात, त्यामुळे काही लपून राहत नाही.

तो तरुण म्हणजे धाकटा. त्याची थोरली बहीण म्हणजे आमची ताई. आईवडील लवकर गेले आणि ताईनेच त्याला वाढवलं. ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी घेते. नळाला पाणी नाही, पाइप फुटला, मीटर बंद पडला, असे फोन सकाळी आठपासून सुरू होतात. ताई ते उतरवून घेते, आणि चार वाजता प्लंबर जमले की कोणी कुठे जायचं ते वाचून सांगते. अठरा वर्षं हेच काम. कचेरीत तिला सगळे तक्रारबाईच म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

मग दोन वर्षांत तिची नजर गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. ती रडत बसली नाही असं मी म्हणणार नाही, बसली होती, धाकट्यानेच सांगितलं. पण नंतर उठली आणि ठिपक्यांची लिपी शिकली. अडचण एवढीच की तिच्याकडे पाटी आणि टोच्या होता. पाटीवर एकेक ठिपका हाताने टोचावा लागतो, तोही उजवीकडून डावीकडे, उलटा, आणि वाचायला कागद काढून पालथा करावा लागतो. फोनवरचा माणूस तेवढं थांबत नाही. ताईच्या हातून पत्ता अर्धा टोचून होतो न होतो तोच तो म्हणतो, "अहो, ऐकताय ना?" आणि ठेवून देतो.

कचेरीच्या मुख्य बाईंनी सरळ सांगितलं. "एक तारखेला टेबलावर बसा. दिवसभराच्या तक्रारी घ्या, चार वाजता वाचून दाखवा. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं तर मला दुसरं कोणीतरी बसवावं लागेल, आणि तुम्ही घरी बसाल." बाई दुष्ट नव्हत्या. पण लोकांच्या घरात पाणी शिरलेलं असताना किती वेळ थांबणार?

तर एक तारीख ठरली आणि हातात दीड महिना होता. नवा ब्रेल टाइपरायटर म्हणजे ताईचा पाच महिन्यांचा पगार. मी जुना, म्हणून एका महिन्याच्या पगारात मिळत होतो. ताईने पैसे धाकट्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "तुला यातलं कळतं. माग."

धाकटा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. परदेशातून ऑनलाइन सामान मागवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही अशी त्याची समजूत. कव्हरं, इअरफोन, बारीकसारीक पाने-स्क्रूड्रायव्हर, असली दहा पाकिटं त्याने मागवलेली, आणि दर वेळी विकणाऱ्याला सांगून वर "भेट" लिहून घेतलेलं. पाकिटं लहान, कोणी उघडून पाहिली नाहीत, म्हणून हा स्वतःला शहाणा समजायला लागला. त्याने मास्तरीणबाईंना कळवलं, "टाइपरायटर लिहू नका. यंत्र म्हटलं की कस्टमवाले ड्युटी लावतात. शोभेची जुनी वस्तू, भेट, किंमत नाममात्र, असं लिहा."

बाईंनी तोवर फॉर्म भरून ठेवला होता, खरा. "ब्रेल टाइपरायटर, वापरलेला, विकत दिला," आणि खाली खरी किंमत. धाकट्याचा निरोप त्यांनी दोनदा वाचला. मग दुसरा फॉर्म घेतला आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं. बिचाऱ्या संकोचल्या, गिऱ्हाइकाचा शब्द मोडवला नाही. पण बाईंची एक सवय होती. रद्दी कागद त्या कधी टाकत नसत. मला खोक्यात ठेवताना मी हलू नये म्हणून त्यांनी थर्मोकोलचे दाणे ओतले, जुनी वर्तमानपत्रं कोंबली, आणि तो आधीचा खरा फॉर्मसुद्धा चुरगळून माझ्या पोटाखाली सारला.

मला शोभेची वस्तू म्हटलेलं मला मुळीच आवडलं नाही. पण पुन्हा काम मिळणार या आनंदात मी गप्प बसलो. विमानात तर माझ्या कळा नुसत्या थरथरत होत्या.

कस्टमच्या गोदामात माझी वरात थांबली. लांबच लांब फळ्या, फळ्यांवर खोकी, प्रत्येक खोक्यावर चिकटवलेला कागद, आणि वर एक पंखा कुरकुरणारा. तिसऱ्या दिवशी एका तपासनीस साहेबांनी मला उचललं. त्यांचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात लोंबत असे, म्हणून त्यांना आपण चष्मेवाले साहेब म्हणू. कागदावर शोभेची वस्तू आणि वजन पाच किलो, हे त्यांना खटकलं. त्यांनी खोकं फोडलं, मला उलटंपालटं केलं. थर्मोकोलचा एक दाणा माझ्या तिसऱ्या कळेखाली जाऊन बसला आणि तिथे असा टोचू लागला की सांगता सोय नाही. मग त्यांनी खालचे कागद बाहेर काढले, आणि त्यात तो चुरगळलेला फॉर्म निघाला. त्यांनी तो टेबलावर हाताने सपाट केला. एक कागद म्हणतो शोभेची वस्तू, भेट. दुसरा म्हणतो टाइपरायटर, विकत. "यातलं एक तरी खोटं आहे," ते शेजारच्याला म्हणाले, आणि माझ्यावर लाल चिठ्ठी लावली.

धाकट्याला पत्र गेलं की खुलासा करा. आता तरी खरं सांगावं की नाही? पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला त्याच खोट्याला धरून राहावंसं वाटतं. त्याने उत्तर पाठवलं, "घरात कपाटावर ठेवायला शोभेची वस्तू म्हणून घेतली आहे." झालं. साहेबांनी शोभेच्या वस्तूचा दर लावला. तिथे चैनीच्या सामानावरचा दर सगळ्यांत चढा. किंमत धरली ती खऱ्या फॉर्मवरची. त्यावर आयात शुल्क, शुल्कासकट रकमेवर वेगळा कर, खोटी नोंद केल्याचा दंड, कुरिअर कंपनीची कागदपत्रांची फी, आणि गोदामभाडं. भाडं तर रोज वाढणारं. सगळं मिळून माझ्या किमतीच्या वर गेलं.

मी पडल्या पडल्या दिवस मोजत होतो. माझ्या आजूबाजूची खोकी येत होती आणि जात होती. कोणाचे बूट आले तसे गेले. एक बोलणारी बाहुली आली, कोणी खोकं हलवलं की आतून "नमस्कार" म्हणायची, तीही चौथ्या दिवशी गेली. मी आपला उताणा, तिसऱ्या कळेखाली दाणा, आणि एक तारीख जवळ येतेय. मला तारीख माहीत नव्हती हे खरं, पण कोणीतरी आपली वाट बघतंय हे कळायला तारीख लागत नाही. एकदा कोणीतरी खोकं जरा जोरात आपटलं तर माझी घंटी वाजली. सगळ्या गोदामात ती ऐकू गेली आणि कोणी वळूनही पाहिलं नाही.

इकडे ताई रोज विचारायची, "आला का रे?" आणि धाकटा म्हणायचा, "वाटेत आहे." त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते, आणि सांगायला तोंड नव्हतं. शेवटी त्याने कुरिअर कंपनीकडून एक फॉर्म आणला. त्यावर सही केली की मालावरचा हक्क सुटतो, मग माल लिलावात जावो नाहीतर भंगारात. एक तारखेला पाच दिवस उरले होते. त्याने फॉर्म खिशात घातला आणि ताईला सांगितलं, "ताई, पार्सल हरवलं वाटतं."

तो एक गोष्ट विसरला. समोर बसलेली बाई अठरा वर्षं तक्रारी ऐकत आली होती. लोक कुठे अडखळतात, कुठे आवाज बारीक करतात, हे तिला पाठ होतं. "पार्सलचा नंबर सांग," म्हणाली, आणि फोन घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ती तक्रार घेत नव्हती, करत होती. कुरिअरच्या माणसाने तिला दोनदा थांबायला लावलं, एकदा दुसरीकडे जोडून दिलं. ती शांतपणे थांबली, प्रत्येकाचं नाव विचारून घेतलं. शेवटी पलीकडून आवाज आला, "मॅडम, ते शोभेच्या वस्तूचं पार्सल ना? हरवलं नाही. कस्टममध्ये अडकलंय. त्यांनी तुमच्याकडून खुलासाही मागवला होता."

ताईने फोन ठेवला. "शोभेची वस्तू?"

"ताई, चार पैसे वाचतील म्हणून."

"आणि खुलाशात काय लिहिलंस?"

"कपाटावर ठेवायला म्हणून."

"वा. मला दिसत नाही, म्हणजे शोभा तुलाच बघायची होती." मग तिचा आवाज बदलला. "अरे, पाच दिवस राहिले आहेत. माझं टेबल जाईल याची तुला कल्पना आहे ना? पैशांचं मी बघितलं असतं. पण हरवलं म्हणालास?"

धाकटा खाली बसला. "तुझे पैसे माझ्यामुळे बुडाले हे मला सांगवेना गं." हे तो पुढे मला तेल देताना बऱ्याच वेळा बोलला आहे.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या खिडकीशी ती दोघं आली. त्याआधी कोणी माझ्यासाठी आलं नव्हतं. चष्मेवाल्या साहेबांनी मला बाहेर आणून टेबलावर ठेवलं आणि ताईच्या हातातली पांढरी काठी पाहून जरा घुटमळले. ताईने दोन्ही हात पुढे केले. तिच्या बोटांनी मला पहिल्यांदा चाचपलं आणि मित्रांनो, सहा वर्षांनी माणसाची बोटं आपल्या जागी येऊन बसली. मला रडू येत नाही, नाहीतर रडलो असतो.

"हे कशासाठी वापरणार?" साहेबांनी विचारलं.

"कागद द्या, दाखवते. जाड असेल तर बरं."

साहेबांनी एका फाइलचं पुठ्ठ्याचं वेष्टण फाडून दिलं. फळीवरच्या तीन पार्सलांचे पत्ते त्यांनी भराभर वाचले, मुद्दामच भराभर, आणि ताईने ते माझ्यावर घेतले. मग तिने बोटं फिरवून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत थांबली. माझी तिसरी कळ दगा देत होती. ठिपका अर्धाच उठत होता. साहेबांनी भुवया उंचावल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी कधी चुकलो नव्हतो आणि आज, या बाईसमोर.

ताईने घाई केली नाही. एकेक कळ दाबून ऐकली, तिसरीवर थांबली, केसातली पिन काढली आणि कळेखालून तो दाणा अलगद उडवला. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. साहेबांनी पुन्हा तीन पत्ते सांगितले, वर आपल्या मनाने दोन आणखी. ताईने पाचही वाचून दाखवले, घरनंबरासकट.

साहेबांनी चष्मा काढला. "अंध व्यक्तींच्या लेखनसाहित्यावर शुल्क शून्य आहे," ते धाकट्याकडे बघून म्हणाले. "शून्य. त्या बाईंनी पहिल्यांदा लिहिलेला कागद खोक्यावर लावला असता, तर हे दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी असतं."

धाकट्याने खिशातला तो हक्क सोडायचा फॉर्म काढून फाडला.

"शुल्क मी काढून टाकतो. कुरिअरची फी मात्र राहील. दंड आणि भाडंही राहील, ते तुम्ही सही करून दिलेल्या खोट्या खुलाशाचं आहे. आणि आधीची माहिती खोटी होती असं तुमच्याकडून लेखी हवं."

"लेखीच हवं का साहेब?" धाकटा म्हणाला. "तोंडी सांगितलं तर?"

ताईने माझ्यात नवा कागद सरकवला. "तू बोल. मी घेते."

"ताई, साहेबांना हे ठिपके कुठे वाचता येतात?"

"त्यांच्यासाठी तू पेनाने लिही. हा माझ्यासाठी. बोल, तुझी तक्रार काय आहे?"

मग धाकटा बोलला. खिडकीमागे रांग होती, सगळे ऐकत होते. "मी विकणाऱ्या बाईंना खोटं लिहायला सांगितलं." खट, खट, खट. "विचारल्यावर पुन्हा खोटं लिहिलं." घंटी वाजली. "आणि माझ्या बहिणीला सांगितलं की पार्सल हरवलं." हे शेवटचं साहेबांना नको होतं, ते त्याने आपण होऊन सांगितलं. ताईची बोटं तेवढ्या एका वाक्याला जरा हळू चालली. ती माझ्यावर घेतलेली पहिली तक्रार.

दंड धाकट्याने भरला. जुनी मोटरसायकल घ्यायला त्याने पैसे साठवले होते, ते गेले. तो अजून दुकानात चालत जातो आणि पाय दुखले की मलाच ऐकवतो.

एक तारखेला मी टेबलावर होतो. आठ वाजता पहिला फोन वाजला आणि त्यानंतर मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. एका आजोबांनी पाइप फुटल्याचं सांगता सांगता सुनेचीही तक्रार केली, ताईने फक्त पाइपाची घेतली. दुपारी एकदम अकरा फोन आले आणि तिची बोटं माझ्या कळांवर नुसती धावायला लागली. मी माझ्या परीने एकही ठिपका कमी उठू दिला नाही. चार वाजता प्लंबर आले. मुख्य बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. ताईने कागदांची चवड पुढे ओढली आणि वाचायला लागली. एकोणचाळीस तक्रारी. मध्येच बाई म्हणाल्या, "तेरावी परत वाचा." ताईने पान काढलं, बोट ठेवलं, वाचलं. बाईंनी आपल्या वहीतलं त्याच्याशी ताडून पाहिलं, कारण दुसऱ्या फोनवरून त्याही ऐकत होत्या. मग वही मिटून म्हणाल्या, "उद्यापासून दारात चौकशीला येणाऱ्यांना त्या खुर्चीवर बसू देऊ नका. ती तक्रारबाईंची खुर्ची आहे." आणि चहा सांगायला गेल्या.

परवा माझी एक स्प्रिंग गेली. ती परदेशातूनच मागवावी लागली. धाकटा फॉर्म भरायला बसला आणि प्रत्येक रकाना मोठ्याने वाचत होता. "ब्रेल टाइपरायटरची स्प्रिंग. बरोबर ना ताई?" चौथ्या दिवशी पाकीट घरात आलं, न उघडता.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला शनिवारी तेलाचा एक थेंब द्या, डोक्यावर कुंडी ठेवू नका, आणि रविवारी सुट्टी आहे म्हणून झाकून टाकू नका, मला करमत नाही. आणि तुम्ही कधी लांबून काही मागवलंत, तर ते जे आहे तेच कागदावर लिहा. त्या खोक्यात कोणीतरी पडलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी दिवस मोजत असतं.

कधी आमच्या कचेरीत आलात तर ताईच्या टेबलामागे भिंतीवर चौकटीत लावलेला एक कोरा कागद दिसेल. तो कोरा नाही, हात लावून बघा. येणारे लोक विचारतात, "हे काय लावलंय हो?" ताई कागद न चाचपताच सांगते, "शोभेची वस्तू आहे. कस्टममध्ये दंड भरून सोडवलीय." धाकटा तिथे असला तर तो कान खाजवत माझ्याकडे येतो आणि उगाचच मला तेल द्यायला लागतो.